फलकावरची चौथी ओळ

माझ्या वडिलांनी डोक्यावरचा फेटा सोडला आणि त्याने डांबरावरच्या लेंड्या पुसल्या.

सकाळचे नऊ वाजून गेले होते. दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. टोलनाक्यावर उसाचे दोन ट्रॅक्टर, एक जीप आणि बारामतीला जाणारी एसटी थांबली होती. एसटीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. कळप कडेला, बाभळीखाली, माझ्या आईने अडवून धरला होता. मेंढरं गप्प होती. एरवी ती इतकी गप्प नसतात.

मॅनेजर म्हणाला होता, "झाडू आमचा मिळायचा नाही. मेंढरं तुझी, घाण तुझी. डोक्यावर एवढं कापड गुंडाळलंयस, ते कशाला?"

जीपमधलं कोणीतरी हसलं.

तात्या गुडघ्यांवर बसले. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. लाल फेटा, गेल्या जत्रेला घेतलेला. ओल्या लेंड्या पुसल्या जात नाहीत, पसरतात. म्हणून ते आधी ओंजळीने गोळा करायचे, कडेच्या मातीत टाकून यायचे, मग राहिलेला डाग फेट्याच्या टोकाने घासायचे. पुन्हा पुढची जागा. साठीच्या पुढचा माणूस. प्रत्येक वेळी उठताना हात जमिनीला टेकत होता.

मी पंधरा पावलांवर होतो. टोलच्या केबिनमध्ये, खुर्चीवर, समोर पावतीपुस्तक. मी उठलो नाही.

हे आधीच लिहून ठेवतो. पुढे मी जे केलं ते सांगताना हे मागे पडेल आणि वाचणाऱ्याला वाटेल, हा बरा माणूस असावा. मी उठलो नाही. ट्रॅक्टरवाल्याने पास दाखवला, तो पाहिला आणि मान खाली घातली.

आमची वस्ती कळंबच्या शिवाराला लागून, माळावर. पंधरा-वीस घरं धनगरांची. आजोबांच्या काळात सगळीच कळप घेऊन फिरायची. मग कोणी थोडी जमीन केली, कोणी कारखान्यावर लागलं, कोणी ट्रक धरला. कळप राहिला तो आमचा आणि माझा चुलता, बिराकाका, त्याचा. दिवाळीनंतर दोघे भाऊ मेंढरं घेऊन निघायचे. बारामती, लोणी भापकर करत घाट उतरून कोकणात. मिरगाच्या आधी परत. वाटेत बागायतदार हाका मारायचे, रानात मेंढरं बसवा म्हणायचे. एक मुक्काम मेंढरं रानात बसली की लेंड्यांनी जमीन खतावते. त्याबद्दल धान्य द्यायचे, वर भाकरी-कालवण. तात्यांना रावसाहेबासारखं बाजेवर बसवायचे. त्याच लेंड्या पुढे डांबरावर पडल्या आणि घाण झाल्या.

मी एकटाच शिकलो. बारामतीच्या कॉलेजात बी.ए. केलं. वाचनालयात बसायचो, संध्याकाळच्या एसटीने परत यायचो. बोलायचो कमी. वस्तीवर कोणाचंही पत्र, नोटीस, औषधाची चिठ्ठी आली की तात्या ती माझ्याकडे आणायचे. मी वाचायचो. ते चार माणसांकडे पाहून म्हणायचे, "बगा. कागुद बोलाया लागला." त्यांना वाटायचं, कागदावर जे असतं ते तसंच्या तसं माझ्या तोंडून बाहेर येतं. माझ्यावर त्यांचा सगळा विश्वास होता तो एवढ्याच गोष्टीसाठी. बाकी मी त्यांच्या काही उपयोगाचा नव्हतो. मला मेंढरू धड धरता येत नव्हतं.

नव्या डांबरी रस्त्याची सभा मराठी शाळेच्या पडवीत झाली. बांधकाम खात्याचे एक साहेब आले होते, कंपनीचा माणूस आला होता. साहेब चांगलं बोलत होते. सरकारकडे सगळ्या रस्त्यांना पुरतील एवढे पैसे नाहीत, म्हणाले. आता भागीदारीचे दिवस आलेत. जागा आणि परवानगी सरकारची. पैसा कंपनीचा. थोडा वाटा गावाचा. रस्ता झाला की कंपनी ठरलेली वर्षं टोल घेईल, आपला पैसा सोडवून घेईल आणि मग रस्ता सरकारला परत करील. ज्यांनी वाटा उचलला त्यांची नावं फलकावर लिहिली जातील. त्यांना रस्ता मोकळा.

बिराकाका मागून उठला. "सायब, कंपनीचा पैका टोलातनं माघारी. सरकारचा रस्ता सरकारला माघारी. मग आमचा वाटा माघारी कुठनं यायचा?"

लोक हसले. साहेबही हसले. "काका, तुम्हाला रस्ता मिळतोय की!"

"रस्ता आदीबी हुताच की. नुसतं डांबर न्हवतं."

पुन्हा हसू. ऊसवाल्यांचा वाटा सोपा होता, कारखान्यातून परस्पर कापला जाणार होता. धनगर वस्तीचं काय, असं कोणीतरी विचारलं. तात्या उभे राहिले, फेटा नीट केला आणि म्हणाले, "आमच्याकडं ऊस न्हाय. आमी अंगानं करू."

ती वेळ वैशाखाच्या अखेरीस आली, दोन्ही कळप कोकणातून नुकते परतले होते तेव्हा. ओढ्यावर मोरी बांधून झाली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना मुरुमाचा उंच भराव टाकला होता. भराव सैल. कंपनीचा रोलर दुसऱ्या कामावर अडकलेला, आणि आणला असता तरी त्या कडेवर तो घसरला असता. पावसाळा तोंडावर. दबाई न होता पाऊस पडला तर सगळा भराव ओढ्यात. कंपनीचा तरुण इंजिनिअर डोक्याला हात लावून बसला होता. तात्या शेजारी मेंढरं चारत होते. त्यांनी त्याला विचारलं, "काय अडलंय, सायब?"

त्याने सांगितलं. तात्या म्हणाले, "त्यात काय? मेंढरं फिरवू."

इंजिनिअरला चेष्टा वाटली. पण तात्या थट्टा करत नव्हते. गावतळ्याचा बांध त्यांच्या वडिलांनी असाच दाबला होता. "मेंढराचा खूर बारका असतोय. वजान थोडं, पर समदं एका टिचभर जाग्यावर पडतं. माती खालपतूर बसती. तुमी पानी मारा, बाकी आमच्यावं सोडा."

दहा-अकरा दिवस चाललं ते. टँकरने पाणी मारायचं, मुरुमाचा हातभर थर, त्यावर दोन्ही कळप. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. तात्या पुढे, बिराकाका मागे, दोघांच्या तोंडून सारखं "हिर्र्र, हिर्र्र." मेंढरू चालतं ते चरत चरत. असं रिकाम्या मुरुमावर नुसतं येरझारा घालणं त्याच्या स्वभावात नाही. पहिल्या दिवशी ती बावरली, दुसऱ्या दिवशी दमली. चौथ्या दिवशी खुरं सोलायला लागली. आई दुपारी हळद आणि तेल घेऊन यायची आणि एकेक पाय मांडीवर घेऊन चोळायची. तीन गाभण मेंढ्या गाभडल्या. आई म्हणाली, "आता बास करा." तात्या म्हणाले, "वाटा हाय आपला. अर्ध्यात कसा सोडायचा?"

शेवटी इंजिनिअरने भरावात पहार मारून पाहिली. पहार वीतभर जाऊन थांबली. तो खूश झाला. तात्यांना म्हणाला, "बाबा, तुमच्या वस्तीचं नाव फलकावर येणार. वाटेकरी म्हणून."

पावसाळ्यात भराव जागचा हलला नाही. इंजिनिअरची मात्र दुसरीकडे बदली झाली.

पावसाळा संपता संपता डांबर पडलं आणि नाका उभा राहिला. गावातलं शिकलेलं पोरगं हवं होतं, पावत्या फाडायला. मला घेतलं. वस्तीतला पहिला खुर्चीवरचा माणूस. तात्यांनी पेढे वाटले.

आठवड्याभरात मॅनेजरने मला एक कागद दिला. "तुझं अक्षर बरं आहे. फलकाचा मजकूर मोठ्या अक्षरात काढ. पेंटर येतोय." कागदावर चार ओळी. पहिली, रस्ता कोणाच्या भागीदारीतून झाला: शासन, कंपनी, कारखाना, ऊस उत्पादक ग्रामस्थ. दुसरी टोलची. तिसरी, कोणाला सवलत. चौथी: मेंढ्या, शेळ्या व मोकळ्या जनावरांचे कळप यांना या मार्गावर सक्त मनाई.

मी दोनदा वाचलं. मग म्हणालो, "साहेब, आमच्या वस्तीचं नाव राहिलं."

"तुमची वस्ती? काय दिलं तुम्ही?"

"भराव दाबून दिला. मेंढरांनी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्याने हसला आणि वॉचमनला हाक मारली. "अरे ऐक, याच्या मेंढरांनी रस्ता केलाय! काय रे, एकेका मेंढराचं नाव लिहायचं का? आडनावासकट?"

वॉचमन हसला. मला वाटतं, मीही थोडा हसलो. आणि टेबलावर बसून, पट्टी धरून, सुवाच्य अक्षरात चारही ओळी काढून दिल्या. पेंटरने माझंच वळण उचललं. आजही त्या फलकावर 'ढ' आहे तो माझ्या हातचा आहे.

रंग वाळला त्या दिवशी तात्या आले. एकटे, धुतलेलं धोतर नेसून. फलकाखाली उभे राहिले, मान मागे टाकून. मला हाक मारली. मी केबिनमधून बाहेर आलो.

"आपलं कुठं लिवलंय?"

त्या क्षणी मी खरं सांगू शकलो असतो. चार शब्दांचं काम होतं. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. अकरा दिवस मुरूम तुडवून आलेला माणूस पाटी वाचायला आला होता, आणि त्याचे डोळे मी होतो. मी बोट उचललं आणि चौथ्या ओळीवर ठेवलं.

"हे."

"मेंढरं लिवलीत?"

"मेंढ्या लिहिलंय."

ते टाचा उंचावून उभे राहिले. त्या ओळीतल्या पहिल्या शब्दावर तळहात ठेवला. आई दुखऱ्या मेंढराच्या पायावर ठेवायची, तसा. "समद्यात खाली हाय," म्हणाले, "पर हाय."

संध्याकाळी वस्तीवर सगळ्यांना सांगितलं त्यांनी. बिराकाका म्हणाला, "भावा, तुझं नाव न्हाय, मेंढराचं हाय." तात्या म्हणाले, "तेच पायजे हुतं. त्येनीच केलाय रस्ता."

मला वाटलं, सांगू हळूहळू. कोकणात निघायच्या आधी सांगू, त्यांना ओढ्याच्या वाटेने पाठवू. दिवाळी आली आणि गेली. मी सांगितलं नाही. भित्रा माणूस उद्यावर फार विसंबतो.

म्हणून त्या सकाळी ते डांबराच्या मधोमध आले. एरवी ते कायम कडेने चालायचे, मोटारीला हात करून वाट द्यायचे. त्या दिवशी मधोमध. पुढे तात्या, लाल फेटा, खांद्यावर घोंगडी. मागे आख्खा कळप, त्यामागे घोड्यावर बिऱ्हाड आणि आई. बिराकाका आपला कळप घेऊन एक दिवस मागून येणार होता. वॉचमनने बांबू खाली घेतला. मॅनेजर बाहेर आला.

"ए मेंढक्या! वाचता येत नाही का?"

"न्हाय सायब," तात्या शांतपणे म्हणाले. "पर माज्या पोरानं वाचून दावलंय. आमचं नाव हाय त्यात."

मॅनेजरने हातातल्या छडीने चौथी ओळ ठोकली आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला. मेंढ्या. शेळ्या. मोकळ्या जनावरांचे कळप. सक्त मनाई.

तात्यांनी ते ऐकलं. फलकाकडे पाहिलं. मग वळून केबिनकडे. आमची नजर एकदाच मिळाली. मी पावतीपुस्तकात पाहिलं.

"कोण पोरगा तुझा?" मॅनेजर म्हणाला. "काय वाचून दाखवलं त्यानं? कुठाय तो?"

ट्रॅक्टरचं इंजिन चालू होतं.

"हितला न्हाय तो," तात्या म्हणाले. "लांब असतोय. चुकलं सायब. मलाच नीट कळलं नसंल."

मग लेंड्यांचं ते बोलणं झालं, आणि फेटा.

साफ करून झाल्यावर त्यांनी कळप वळवला आणि ओढ्यात उतरवला. खाली काटेरी झुडपं होती, निसरडे दगड होते, मोरीचं साठलेलं पाणी होतं. वर त्यांनीच दाबलेला भराव. त्या भरावाच्या सावलीतून मेंढरं एकेक करून गेली. तात्या एकदाही मागे वळले नाहीत. आई वळली. ती मला ओळखत नसल्यासारखी पाहत होती.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

घाटाखाली त्यांना ताप भरला. बिराकाकाने एका गावातल्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी गेले. तिथेच नदीकाठी दहन केलं. मला निरोप पोचला तो आठ दिवसांनी, एका ट्रकवाल्याकडून, नाक्यावर. मी पावती फाडत होतो. फाडली. सुटे पैसे परत दिले. मग विचारलं, "काय म्हणालात?"

तापाने गेले, असं सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणतो. त्यापलीकडचं मला सिद्ध करता येणार नाही.

तरीही मी नोकरी सोडली नाही. हेही लिहायला हवं. हिवाळा गेला, उन्हाळा आला, मी त्या केबिनमध्ये बसत होतो. फलक समोर होता. त्यावरचं माझंच अक्षर मी रोज वाचत होतो. तो माझा सुतकाचा काळ म्हणायचा तर म्हणा.

मिरगाच्या आधी कळप परतला. दुपारची वेळ. लांबून धूळ दिसली आणि मग डांबराच्या कडेला आई दिसली, हातात तात्यांची काठी. मागे बिराकाका. दोन्ही कळप आता एकत्र होते. ऊन मी म्हणत होतं. मेंढरं माना खाली घालून एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालत चालत होती. आई नाक्यापाशी थांबली. ओढ्याच्या उतारावर मोरीच्या दुरुस्तीचे दगड पडले होते, तिथून कळप उतरला नसता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वॉचमनला म्हणाली, "बाबा, एवढी मोरी वलांडू दे. मेंढरं तानलीत."

मॅनेजर आतूनच ओरडला, "बांबू खाली! आणि तू, बाहेर जाऊन त्यांना सांग. तुझीच माणसं ना?"

तेव्हा मी उठलो.

उठणं किती सोपं होतं, हे कळलं तेव्हा फार लाज वाटली. खुर्ची मागे सारायची आणि पाय सरळ करायचे, एवढंच होतं. सात महिन्यांपूर्वीही एवढंच होतं.

मी फलकाखाली जाऊन उभा राहिलो आणि आईला म्हणालो, "आई, मी वाचतो. ऐक." आणि चारही ओळी वाचल्या. मोठ्याने. एक शब्द न गाळता. भागीदारांची नावं, टोल, सवलत, आणि चौथी ओळ. थांबलेल्या गाड्यांतले लोक ऐकत होते.

आई म्हणाली, "म्हंजी आमी वाटेकऱ्यात न्हाय?"

"नाही. आपण खाली आहोत. मनाईत."

"त्यास्नी कळलं हुतं?"

"त्या दिवशी कळलं. इथंच."

"आन तुला?"

"मीच लिहिलं होतं हे. आणि त्यांना खोटं वाचून दाखवलं."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती मेंढरांकडे वळली.

मॅनेजर बाहेर आला होता. "नोकरी करायची आहे की नाही?"

"नाही," मी म्हणालो. "हा भराव आमच्या मेंढरांनी दाबलाय. कळप वरूनच जाईल."

बांबूच्या मागच्या टोकाला दगड बांधलेला असतो. मी त्यावर हात टेकला, बांबू वर गेला. मी तो तसाच धरून उभा राहिलो. शेवटचं कोकरू जाईपर्यंत. मोरीवरून, भरावावरून, मधोमध. खुरांचा बारीक आवाज डांबरावर वाजत होता. बिराकाका माझ्याजवळून जाताना थांबला नाही. फक्त म्हणाला, "येळ केलास."

पुढचं फार मोठं नाही. कंपनीने तक्रार दिली. मी दिवसभर चौकीत बसलो. हवालदार म्हणाला, "शिकलेला दिसतोस, मग असं कसं?" मी म्हणालो, शिकलेला होतो म्हणूनच ते झालं. त्याला समजलं नाही. फलक तसाच आहे. कळप आजही ओढ्यातूनच जातो. त्या एका दुपारीच काय तो वरून गेला.

आई तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस फेटा आणून माझ्यापुढे ठेवला. धुतलेला, घडी केलेला. एका टोकाला डांबराचा काळा डाग, तो निघत नाही. म्हणाली, "त्या दिसानंतर त्येनी बांदला न्हाय. उगड्या डोस्क्यानं गेले घाटापतूर." एवढंच बोलली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

आता मी वस्त्यांवर जातो. बारामती-इंदापूर भागात जिथे रस्त्याची, पुलाची, भागीदारीची सभा असेल तिथे मागे उभा राहतो आणि साहेबांनी आणलेला कागद मागून घेतो. तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचतो, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. साहेब म्हणतात, मुद्द्याचं तेवढं वाचा. मी सगळं वाचतो. मला चौथ्या ओळी कुठे असतात ते माहीत आहे. आणि दर महिन्याला बांधकाम खात्यात माझा अर्ज जातो: या रस्त्याचा ओढ्यावरचा भराव धनगर वस्तीने दाबून दिला, तिचं नाव वाटेकऱ्यांत लिहा. उत्तर आलेलं नाही. अर्ज जात राहतील.

कंपनीची मुदत कधीतरी संपेल. त्या दिवशी बांबू वर असो की खाली, मी कळप घेऊन त्या रस्त्याच्या मधोमध येणार आहे. मला मेंढरू धरता येत नव्हतं, ते आता बिराकाकाकडून शिकतोय. डोक्याला फेटा तोच असेल, डागाचा. आणि कोणी छडी उगारून विचारलं, कुठला पोरगा तू, तर मी पावतीपुस्तकात पाहणार नाही.

सांगेन, हितलाच. त्येंचाच.